दहाच्या चार पुड्या

नौपाडा, ठाणे
१४ ऑगस्ट २०२४

विनिता,

आशीर्वाद आधी घे, दार लावून घे आणि मग पुढे वाच.

परवा फोनवर तू कटलेटची कृती मागितलीस आणि मी "लिहून पाठवते" म्हणून फोन ठेवून दिला, त्याचा तुला राग आला असेल. येऊ दे. एक तर उजव्या कानाला आता फोन धड ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकलं की संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या ठाण्यात पोचतं. मागे मी डिंकाच्या लाडवांचं प्रमाण टाकलं, तर आठ दिवसांनी तेच मला कुणीतरी "एका आजीची खास कृती" म्हणून परत पाठवलं, खाली गुलाबाची फुलं घालून. सासूबाईंच्या कटलेटचं तसं झालेलं मला चालणार नाही. म्हणून ही कृती कागदावर, आणि उत्तरही मला कागदावरच पाहिजे.

माजिवड्याचं तुमचं ऑफिस गाशा गुंडाळून भिवंडीला गेलं आणि तू नोकरी सोडलीस, तेव्हा मला काळजी वाटली होती. आता वाटत नाही. महिन्याभरात तू त्या हॉलवाल्यांपर्यंत पोचलीस, हे तुझ्या या मोठ्या जावेला जमलं नसतं. म्हणजे मला नीट समजलंय ना? विकी नावाच्या मुलाचा हॉल, त्याची आई चव बघून ठरवणार, आणि तिने होकार दिला तर तुळशीच्या लग्नापासून मे महिन्यापर्यंत त्या हॉलवरच्या प्रत्येक लग्नात कटलेट तुझी. मग नापास व्हायचं नाही.

एक किलो बटाटे, वाटीभर मटार, आलं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. कांदा-लसूण नाही, म्हणून तर ती गणपतीत चालतात. वरून रव्यात घोळवून तळायची.

आता खरी गोष्ट. बटाट्याचा ओलावा धरायला सासूबाई ब्रेड घालत नसत, पोहे नाहीत, कॉर्नफ्लोअर नाही. बाजारची शेव घालत. होय, बाजारची! जन्मभर बाजारच्या फरसाणाकडे बघून नाक मुरडणारी आपली सासू पंढरीच्या दुकानातून मोराच्या चित्राच्या शेवेच्या पुड्या पदराखाली घालून आणायची. शेव हाताने चुरून बटाट्यात मिसळायची. रिकाम्या पुड्या केरात दिसायला नकोत म्हणून फडताळातल्या कागदाखाली सपाट करून सरकवायची. अख्खी चाळ "गंगुबाईंच्या हाताला चव आहे" म्हणत होती आणि मी पोळ्या लाटत गप्प बसत होते. मला शपथ घातलेली होती, ती तुझ्यासाठी मोडते आहे.

प्रमाण : एक किलो बटाट्यांना दहाच्या चार पुड्या. ब्रेडचा चुरा घालायचा मोह झाला तर आधी माझ्याशी भांड.

सुशांतला आणि सान्वीला आशीर्वाद.

तुझी,
रमा वहिनी


डोंबिवली (पूर्व)
२३ ऑगस्ट २०२४

वहिनी,

नमस्कार. वाकूनच केलाय असं समजा.

पत्र तीनदा वाचलं. सासूबाई आणि बाजारची शेव! मी लग्न होऊन आले त्या वर्षी माहेरून फरसाणाचा पुडा आणला होता, आठवतं? सगळ्यांसमोर मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे असलं खात नाहीत." मी तो पुडा खोलीत लपून एकटीने संपवला होता. आज वीस वर्षांनी कळतंय की त्याच वेळी फडताळात काय चाललं होतं. खूप हसले आणि थोडा रागही आला.

तर कृती. तुम्ही लिहिलं तसंच्या तसं केलं. शेव तीच, मोरवाली, इथे स्टेशनजवळ मिळते. चार पुड्या मोजून फोडल्या, हाताने चुरल्या. सान्वी शेजारी उभी राहून कागद वाचत होती, मी करत होते. कटलेट थापली तेव्हाच हाताला जरा सैल लागली. तेलात सोडली आणि फुटली. एक नाही, दोन नाही, सगळी. कढईत नुसता लगदा फिरत होता. सुशांत चमचा घेऊन आला आणि म्हणाला, "भाजी छान झालीये." मी त्याला स्वयंपाकघरातून घालवून दिलं.

दुसऱ्यांदा गुपचूप ब्रेडचा चुरा घातला. (भांडायचं तर आता भांडा.) फुटली नाहीत, पण सुशांत एक घास खाऊन म्हणाला, "ही हॉटेलातली आहेत, आपल्या घरची नाहीत." ते मलाही कळत होतं. हॉल हॉटेलवाल्यांकडूनही घेऊ शकतो, मग माझ्याकडून कशाला घेईल?

विकीच्या आईने १५ सप्टेंबर तारीख दिली आहे, रविवार आहे. माझं काय चुकतंय ते सांगा.

तुमची,
विनिता


नौपाडा, ठाणे
२८ ऑगस्ट २०२४

विनिता,

तू फार घाईची आहेस, हे मी तुझ्या लग्नाच्या दिवसापासून बघते आहे. मंगळसूत्रसुद्धा तू स्वतःच मागे हात घालून अडकवायला निघाली होतीस.

बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडले असशील. तसे ते पाणी पितात. चाळणीवर वाफवायचे. नवे बटाटे घेतले असशील, ते चिकट असतात, जुने घ्यायचे. गरम गरम कुस्करले असशील. ते पंचावर पसरून अर्धा तास गार करायचे. आणि तेल पुरेसं तापण्याआधीच सोडली असशील. या चारांपैकी तीन चुका तू नक्की केल्यास, पैज लावते. कृतीत काही खोट नाही. तीस वर्षं मी त्याच कृतीने करते आहे, आजवर एक कटलेट फुटलेलं नाही.

चुऱ्याबद्दल गणपतीत समोरासमोर भांडू. सात तारखेला सकाळी नऊच्या आत या. दीड दिवसाचा आहे, वेळ कमी असतो. रविवारी विसर्जन करून आलात की नेहमीप्रमाणे कटलेट तयार असतील. खाऊन बघ आणि मग सांग, खोट कृतीत आहे की हातात.

रमा वहिनी


डोंबिवली (पूर्व)
१७ सप्टेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार. हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

गणपतीत मी काही बोलले नाही. घर भरलेलं होतं, तुम्हीही चुऱ्याचा विषय काढला नाहीत. पण मी बघत होते. आम्ही विसर्जनाला निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "विनिता, तू पण जा, मी एकटी करते." आम्ही परत आलो तेव्हा परातीत कटलेट रचलेली होती, एकाला तडा नव्हता. मी चार खाल्ली. दुसरं खाताना मला काहीतरी वेगळं लागलं, माझ्या कटलेटमध्ये नसलेलं. काय ते ओळखता आलं नाही.

परवा तुमची चारही कलमं पाळली. जुने बटाटे, चाळणीवर वाफवले, पंचावर पसरले, तेल कडकडीत. हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात मी तळायला उभी, समोर खुर्ची टाकून विकीची आई, सगुणाबाई. सत्तरीच्या आहेत, नाकात मोठी नथ, नजर अशी की कांदा सोलायच्या आत त्याचं वजन सांगतील. मी पहिला घाणा सोडला आणि तो फुटला. त्या उठून कढईत वाकल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कटलेट हाय का भाजी गो बाय? सगला त्यालान सुटला!"

त्यांच्या मागे उभा असलेला आचारी हसला. वहिनी, मी बारा वर्षं ऑफिसात हिशेब सांभाळले, माझ्या कामाला कधी कुणी हसलं नव्हतं.

सगुणाबाई मनाने चांगल्या आहेत. म्हणाल्या, "आता पितर लागतील, त्यान काय नको. दसऱ्याला परत ये. पन त्यानंतर नाय." म्हणजे मला एकच संधी उरली आहे.

आता जे लिहिते ते लहान तोंडी मोठा घास आहे. तुम्ही कृतीतली एक गोष्ट मला लिहिली नाहीत. मला खात्री आहे. सासूबाईंनी तुम्हाला सगळं दिलं. दागिन्यांचं नाही म्हणत मी, ते समान दिले. स्वयंपाकघर दिलं, गुपितं दिली, ओट्याशी शेजारी उभं केलं. मला वीस वर्षं पाहुणीसारखी बाहेर बसवलं, "तू दमून आलीस, बस" म्हणून. मला बसायचं नव्हतं. तुमच्या पहिल्या पत्रामुळे वाटलं होतं की अखेर कुणीतरी आत बोलावलं. आणि तुम्हीही दार अर्धंच उघडलंत.

विनिता


नौपाडा, ठाणे
२२ सप्टेंबर २०२४

विनिता,

तुझं पत्र मिळालं.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी एक गोष्ट लिहिली नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिली नाही. मेतकूट. एक किलोला दोन मोठे चमचे, घरच्या मेतकुटाचे. तुला जे वेगळं लागलं आणि ओळखता आलं नाही, ते तेच. डाळींचं पीठ असल्यामुळे ते ओलावाही धरतं, म्हणजे तुझी कटलेट फुटली ती माझ्यामुळे. त्या आचाऱ्याचं हसणं माझ्या खाती लिही.

का लपवलं ते सांगते, एकदाच सांगेन. हे गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात वर्षातून एकदा माणसं भरतात, गणपतीच्या दीड दिवसात. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमचा डोंबिवलीचा फ्लॅट ऐसपैस आहे, लिफ्ट आहे. मोठ्या भावाच्या घरचा गणपती म्हणून तुम्ही इथे येता, पण मला वाटतं, थोडे कटलेटसाठीही येता. सुशांत दारात चप्पल काढता काढता वास घेतो, ते मी बघते. तीच कटलेट, त्याच चवीची, डोंबिवलीत बारमाही मिळायला लागली तर नौपाड्याचे जिने कोण चढणार? असा विचार माझ्या मनात आला. पासष्टीच्या बाईला शोभणारा नाही, पण आला. म्हणून एक जिन्नस हातचा राखला.

सासूबाईंनी तुला बाहेर बसवलं तेव्हा मी "तिला आत येऊ द्या" असं एकदाही म्हटलं नाही. आत एकटीच असण्यात मलाही मोठेपणा वाटायचा. तेही आज लिहून टाकते.

मेतकूट घालून करून बघ. आणि शेव नक्की तीच आहे ना? पुष्कळ नकली निघालेत. एक रिकामी पुडी पाकिटात घालून पाठव, मी बघते.

रमा


डोंबिवली (पूर्व)
२९ सप्टेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार, आणि यावेळी खरंच वाकून.

रागावले होते, आता नाही. तुमचं पत्र सुशांतला वाचून दाखवलं नाही, ते आपल्या दोघींचं आहे. फक्त एवढंच सांगितलं की वहिनींनी मेतकूट सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे हे इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं? भारीच!" तुमच्याबद्दलचा त्याचा आदर उलट वाढला आहे.

मेतकूट घातलं. वहिनी, वास आला आणि सान्वी अभ्यासावरून उठून आली. म्हणाली, "आजीच्या घरचा वास." तिला आजी नीट आठवतही नाही, सहा-सात वर्षांची होती. पण वास बरोबर आठवला.

आणि तेलात सोडली. पुन्हा फुटली!

थोडी कमी फुटली, हे खरं. दहातली तीन शाबूत निघाली, ती आम्ही तिघांनी खाल्ली आणि चव तंतोतंत तीच होती. बाकी सातांची भाजी. आता मी रडत नाही, मला हसू येतंय. तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि गुन्हा तो निघालाच नाही.

तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणून विचारते : अजून काही राखून ठेवलंय का? असेल तर दसऱ्याआधी सांगा. बारा तारखेला दसरा आहे.

पुडी पाठवते आहे. हॉलसाठीचं काम असल्याने मी कृती कसोशीने पाळते, चार म्हणजे चार. सान्वी मोजते.

तुमची,
विनिता


नौपाडा, ठाणे
४ ऑक्टोबर २०२४

विनिता,

सापडलं! तुझा हात नाही, माझी कृती नाही, बटाटेही नाहीत. पुडी!

तुझी पुडी मिळाली. चित्र तेच, मोर तोच, लांबी-रुंदी तीच, किंमत दहा रुपये. नकली आहे का ते बघायला माझ्याकडची जुनी शोधली. फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात कागदाखाली काही पुड्या इतक्या चिकटून बसल्या होत्या की दर दिवाळीच्या साफसफाईतही निघाल्या नव्हत्या. उलथन्याने सोडवल्या. अकरा निघाल्या. त्यातल्या काही सासूबाईंच्या हातच्या, काही माझ्या, कारण त्यांच्यामागून मीही पुड्या तिथेच सरकवत आले. कुणापासून लपवत होते कोण जाणे, घरात मी एकटी.

भिंग घेऊन बसले. पाठीमागे बारीक अक्षरांत तारीख असते आणि वजन असतं. २००९ ची पुडी : पासष्ट ग्रॅम. २०१३ : पंचावन्न. २०१६ ची अठ्ठेचाळीस. नंतर बेचाळीस, मग अडतीस. तुझी : पस्तीस. आणि प्रत्येकीवर किंमत दहा रुपये! पंधरा वर्षांत दहाचा आकडा हलला नाही, मोराचं पीसही हललं नाही, आतली शेव मात्र निम्म्यावर आली. बाकी काय असतं आत? हवा. फुगवून देतात, म्हणजे हाताला भरलेली लागते.

सासूबाईंच्या चार पुड्या म्हणजे दोनशे साठ ग्रॅम. तू कसोशीने, सान्वीकडून मोजून घेऊन, घातलीस एकशे चाळीस. फुटतील नाही तर काय होईल!

आता तू विचारशील, मग वहिनींची का फुटत नाहीत. तेच मी स्वतःला विचारलं आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. मी पुड्या मोजतच नाही गं. सासूबाईंचा तो कडीचा डबा आहे ना, दुधाचा, झाकणाला पोचा आलेला? त्या शेव आधी त्यात ओतायच्या. डबा काठोकाठ भरला की पुरे. मला सांगताना म्हणाल्या होत्या, "डबाभर, म्हणजे चार पुड्या." तुला लिहिताना मी चार पुड्या लिहिल्या, कारण डबा तुझ्याकडे नाही. पण स्वतः करताना माझा हात डबा भरेपर्यंत पुड्या फोडत राहतो. पंढरीकडून मी अख्खी लडीच आणते, बारा पुड्यांची. किती गेल्या ते कधी बघितलंच नाही. आज मोजलं. सात गेल्या, आणि आठवीतली निम्मी.

तीस वर्षं करते आहे म्हणून तुला केवढा तोरा दाखवला! चार चुका तुझ्या काढल्या, पैज लावली. ती मी हरले आहे. तुला घाईची म्हटलं ते मागे घेते. (मंगळसूत्राचं मागे घेत नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.)

आता नवी कृती : शेव दोनशे साठ ग्रॅम, काट्यावर तोलून. पुड्यांत मोजायचं बंद.

आणि दसऱ्याच्या आधी तू स्वतः ये. सुशांतला पाठवू नकोस. आपण दोघी मिळून एक घाणा काढू, या ओट्याशी. तू ओट्याशी, मी बसेन खुर्चीत.

रमा वहिनी


डोंबिवली (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

नमस्कार.

आपल्या त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही, तुम्ही तिथे होतातच. फक्त एवढंच, की तुम्ही खुर्चीत बसून राहाल असं म्हणालात आणि पाच मिनिटांत उठून माझ्या हातातला झारा काढून घेतलात. मी तो परत घेतला. तेवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा जिने चढेन.

आता दसऱ्याचं ऐका. तुम्ही दिलेला कडीचा डबा घेऊन गेले. आचारी तोच, तसाच भिंतीला टेकून उभा. मी शेव डब्यात ओतली, काठोकाठ भरली, चुरली. बटाट्यात मेतकूट घातलं नाही. मुद्दाम घातलं नाही, कारण पुढे सांगते. पहिला घाणा सोडला. एकही फुटलं नाही. दुसरा सोडला, तिसरा सोडला. आचारी भिंतीपासून सुटून पुढे आला आणि म्हणाला, "ताई, बटाटा कुठला वापरता?" मी म्हटलं, "जुना."

सगुणाबाईंनी एक खाल्लं, मग दुसरं. मग पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "बरा हाय. तुलशीच्या लग्नाशी चालू कर." वहिनी, एवढंच म्हणाल्या, पण मला वाटलं कुणीतरी खांद्यावरचं पोतं उतरवलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. विकी बसला होता मोबाइलमध्ये डोकं घालून. म्हणाला, "काकी, एक आयडिया देऊ? कटलेट जरा लहान काढा ना. रेट सेम ठेवू. पब्लिकला काय कळत नाय, प्लेटमध्ये दोन दिसली की बास."

तुम्ही मला ज्या दोन पुड्या दिल्या होत्यात, पासष्टची आणि पस्तीसची, त्या पर्समध्येच होत्या. मी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्हटलं, "विकीदादा, यातली जुनी कुठली सांगा." त्याला सांगता आलं नाही. मग वजनं दाखवली. म्हटलं, "हे ज्यांनी केलं त्यांना वाटलं, कुणाला काय कळतंय. मला दोन महिने कळलं नाही, हे खरं आहे. पण तोवर कढईत माझी कटलेट फुटत होती आणि मी माझ्याच माणसावर आळ घेतला. माझी कटलेट लहान होणार नाहीत. माल महागला तर मी समोर बसून सांगेन की दोन रुपये वाढवा. परवडलं तर द्या, नाहीतर नको म्हणा."

तो काही बोलणार, इतक्यात सगुणाबाईंनी दोन्ही पुड्या उचलून उजेडात धरल्या. वाचता येत नाही त्यांना, पण मी वाचलेलं ऐकलं होतं. मुलाकडे वळल्या. "विक्या, तुजा आजा मिठागरावं माप भरला का वर वंजलभर मीठ जास्ती टाकाचा. लोका लांबशी त्याच्याकंच येवाची. हॉलला त्याचा नाव लावलंस, आन पावन्यांला ल्हान कटलेट देतंस?"

विकीने मोबाइल खिशात ठेवला. मोठंच कटलेट ठरलं, बोलल्या दराने, आणि दर वाढला तर सांगून वाढणार. पहिली ऑर्डर १६ नोव्हेंबरची, चारशे कटलेट. मदतीला दोन बायका लागतील, त्या मी बघितल्या आहेत. मी ऑफिसात दुसऱ्यांचा माल मोजत होते, वहिनी. आता माझा मोजणार आहे.

मेतकुटाचं. हॉलवर ते कधीच जाणार नाही. त्याच्याशिवायही कटलेट चांगली लागतात, सगुणाबाईंनी पास केली आहेत. मेतकुटाची फक्त नौपाड्यात होतील, तिसऱ्या मजल्यावर. सुशांतला मी सांगून टाकलं आहे की इथे कितीही हट्ट केलास तरी मिळणार नाहीत. तो म्हणाला, "मग गणपतीपर्यंत थांबायचं?" मी म्हटलं, "थांबायचं कशाला? पाय आहेत ना तुला?"

डबा अजून माझ्याकडेच आहे. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. तो मी पोस्टाने पाठवणार नाही आणि कुणाच्या हातीही देणार नाही. भरून स्वतः आणीन. तुम्ही मेतकूट भरून द्या, मी परत काहीतरी भरून आणीन. असा तो फिरू दे.

तुमची,
विनिता


नौपाडा, ठाणे
१९ ऑक्टोबर २०२४

विनिता,

पत्र मिळालं. लहानच लिहिते, मेतकुटाच्या डाळी भाजायला घेतल्या आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत आज फडताळ रिकामं केलं. जुना कागद काढून नवा घातला. अकरा पुड्यांपैकी पासष्टची एक आणि तू पाठवलेली पस्तीसची, अशा दोन तुझ्या पर्समध्ये आहेत, त्या तिथेच राहू देत, हॉलवर पुन्हा कुणाला आयडिया सुचली तर लागतील. उरलेल्या टाकणार होते, टाकल्या नाहीत. सासूबाईंच्या पाच सारख्या करून नव्या कागदाखाली ठेवल्या, त्यांच्या शेजारी माझ्या पाच.

तू त्या दिवशी या ओट्याशी फोडलेल्यांतली एक पुडी मी धुऊन वाळवून ठेवली होती. तिच्या पाठीवर पेनाने "विनिता, दसरा २०२४" असं लिहिलं आणि तीही त्यांच्याच रांगेत ठेवली.

भाऊबीजेला या, सगळे. डबा आण.

रमा